होयचे बहुमत, होयचे बहुमत

मागे जो आवाज येतोय ना, तो पाऊस आहे. पडवीच्या पत्र्यावर पडतोय, एडिट करून काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. जुलै संपत आलाय, मी रत्नागिरीत घरी आहे आणि हे रेकॉर्ड करताना लाइट दोनदा जाऊन आली. तेव्हा मधेच आवाज बदलला तर समजून घ्या.

आजच्या भागाला कारण झाली माझी मावशी. ती राजापूर तालुक्यात राहते, बारसूपासून फार लांब नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी तिथं माती सर्वेक्षण सुरू झालं, तेव्हा गावकरी भर उन्हात सड्यावर जाऊन बसले होते, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. मावशी त्या गर्दीत होती. त्याआधी ती कधी कुठल्या मोर्चात गेली नव्हती. आंब्याच्या पेट्या आणि भजनी मंडळ, एवढंच तिचं सार्वजनिक जीवन.

तर ११ जुलै २०२५ च्या रात्री तिचा फोन आला. टीव्हीवर जनसुरक्षा विधेयकाची बातमी चालू होती. मावशी म्हणाली, "काय रे, परत तसं सड्यावर बसलो, तर आता आत टाकतील काय?"

आमच्या घरात शिकलेला म्हणजे मी. त्यामुळे आधार लिंक करणं, सातबारा ऑनलाइन काढणं आणि कायद्याचा अर्थ सांगणं हे सगळं माझ्याच डिपार्टमेंटला येतं. बीटेक काय आणि एलएलबी काय, मावशीला सारखंच. मी म्हटलं, वाचून सांगतो. आणि मग लक्षात आलं की विधेयक म्हणजे नेमकं काय, ते सभागृहात जातं तेव्हा त्याचं काय करतात, हे मला धड माहीत नाही. नागरिकशास्त्र वीस मार्कांचं होतं, आणि इतिहासात जास्त मिळतात म्हणून आपण ते ऑप्शनला टाकलं. खोटं बोलू नका, तुम्हीपण टाकलंत.

विधानसभेबद्दल मला जे काही माहीत होतं ते रील्समधून. याच अधिवेशनाचं बघा. ३० जून ते १८ जुलै, मुंबईत पावसाळी अधिवेशन झालं. त्यातलं माझ्या फोनपर्यंत काय आलं? १७ जुलैला विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांची झालेली मारामारी. आणि सभागृहात बसलेल्या एका मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्ते दिसत होते ती क्लिप. आपण खेळत नव्हतो असं त्यांचं म्हणणं, ते असो. तीन आठवडे अधिवेशन आणि हातात दोन क्लिपा.

म्हणून मी दोन-तीन रात्री बसून वाचलं. विधेयकाचा मसुदा वाचला, जुनी प्रश्नोत्तरं वाचली, यूट्यूबवर कामकाजाचं थेट प्रक्षेपण असतं त्याची रेकॉर्डिंग दीडपट स्पीडनं बघितली. ते सांगतो.

सभागृहं दोन. विधानसभेत २८८, विधान परिषदेत ७८. काम ढोबळमानानं दोन प्रकारचं. सरकारला प्रश्न विचारायचे आणि कायदे करायचे.

प्रश्नांची गंमत आधी सांगतो. आमदार लेखी प्रश्न देतात. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर येतं, विषय संपला. या प्रश्नांना एक ठरलेला साचा आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी "हे खरे आहे काय?" समजा आपल्या महामार्गावर प्रश्न आहे. मी नमुना म्हणून बनवतोय हां: "अमुक ठिकाणी रस्त्याचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि खाली उत्तरं. "हे अंशतः खरे आहे." आणि शेवटच्याला, "प्रश्न उद्भवत नाही."

प्रश्न उद्भवत नाही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो. चिपळूणचा उड्डाणपूल बांधता बांधता कोसळला १६ ऑक्टोबर २०२३ ला, परशुराम घाटात दर पावसाळ्यात दरड, आणि सरकारी मराठीत प्रश्न उद्भवत नाही. नंतर कळलं की तो निव्वळ तांत्रिक वाक्प्रचार आहे. वरच्या उत्तरात माहिती दिली असेल तर "नसल्यास"ची वेळच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे एल्स ब्लॉक चालवायची गरज पडली नाही. पण माझा पहिला राग अगदीच चुकीचा नव्हता असंही वाटतं, कारण या साच्याच्या आड लपणं फार सोपं आहे. "अंशतः खरे" म्हणजे कुठला अंश, हे उपप्रश्न विचारणाऱ्यानं खणून काढायचं असतं. तयारी करून आलेला आमदार तिथंच ओळखू येतो. उभं राहून भाषण ठोकणारा आणि उभं राहून "किती किलोमीटर, कोणता ठेकेदार, कोणती तारीख" असं विचारणारा, यांत फरक आहे. दुसऱ्याची क्लिप व्हायरल होत नाही.

महामार्गाच्या बाबतीत आणखी एक अडचण. रस्ता राष्ट्रीय. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पुढचा राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. त्यामुळे विधानसभेत विचारलं तर अर्ध्या प्रश्नाचं उत्तर दिल्लीला. राज्याचं सभागृह कशावर बोलू शकतं आणि कशावर नाही, हे घटनेच्या सातव्या अनुसूचीत ठरलंय. संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्याच्या यादीत आहेत. मावशीच्या प्रश्नाशी संबंध आहे म्हणून हे लक्षात ठेवा.

प्रश्नांखेरीज लक्षवेधी सूचना असते, अर्धा तास चर्चा असते, स्थगन प्रस्ताव असतो, अधिवेशन संपताना विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव असतो. सगळ्यांत शिरत नाही. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेताच नव्हता, हे मात्र सांगायला हवं. २०२४ च्या निवडणुकीत कुठल्याही विरोधी पक्षाला एक दशांश जागा मिळाल्या नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या गुहागरचे भास्कर जाधव यांचं नाव त्यांच्या पक्षानं मार्च २०२५ मध्ये या पदासाठी दिलं, जुलैपर्यंत निर्णय झाला नव्हता. पक्ष कुठलाही आवडो, ज्या सभागृहात विरोध करणं हे कुणाचंच नेमून दिलेलं काम नाही, तिथं रिव्ह्यू कोण करणार?

आता विधेयक. आमच्या धंद्यातल्या मंडळींना लगेच कळेल. विधेयक म्हणजे पुल रिक्वेस्ट. आधी ते मांडायचं. मग ते विचारात घ्यायचं की नाही यावर चर्चा, हे पहिलं वाचन. मग खंडशः विचार, म्हणजे एकेक कलम घेऊन त्यावर दुरुस्त्या सुचवायच्या, हे दुसरं वाचन. मग तिसरं वाचन आणि मंजुरी. एका सभागृहात झालं की हेच दुसऱ्या सभागृहात, आणि शेवटी राज्यपाल. कागदावर बघितलं तर आमच्या कंपनीपेक्षा कडक प्रोसेस आहे.

प्रत्यक्षात? मी एका विधेयकाचं खंडशः वाचन बघत होतो. पीठासीन अधिकारी वाचतात: खंड २ ते अमुक विधेयकाचा भाग बनावेत, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, होयचे बहुमत, प्रस्ताव संमत झाला. दीडपट स्पीडवर होतं म्हणून मला वाटलं काहीतरी सुटलं. मागे जाऊन नॉर्मल स्पीडला लावलं. तरी तेवढंच. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता दीड हजार ओळींच्या कोडवर "एलजीटीएम" लिहून अप्रूव्ह करणारा आमचा एक सीनियर होता, त्याची आठवण आली.

आणि आवाजी मतदानात कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद राहत नाही. कुणी मतविभागणी मागितली तरच नावं नोंदली जातात. तुमच्या आमदारांनी होय म्हटलं, नाही म्हटलं, की ते बाहेर चहा पीत होते, ते नुसत्या "संमत झाले" यावरून कळायला मार्ग नाही.

मग खरी तपासणी होते कुठं? समितीत. सरकारला वाटलं किंवा विरोधकांनी रेटा लावला, तर विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे जातं. चिकित्सा हा शब्द मला फार आवडला. आपण चिकित्सा करणाऱ्या माणसाला घरात कटकट्या म्हणतो, आणि इथं त्याची अधिकृत समिती आहे. पण ही पायरी ऐच्छिक आहे. टाळली तरी विधेयक पुढं जातं.

जनसुरक्षा विधेयकाला ती मिळाली. ते पहिल्यांदा आलं जुलै २०२४ मध्ये, अधिवेशन संपता संपता, आणि मंजूर न होताच विधानसभेची मुदत संपली. निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला परत मांडलं आणि समितीकडे पाठवलं. अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे, सदस्य सगळ्या बाजूंचे. समितीनं लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या, १ एप्रिल २०२५ पर्यंत. १२ हजारांहून जास्त आल्या.

त्या १२ हजारांत माझी नाही. मार्चमध्ये कुणीतरी ग्रुपवर ती नोटीस टाकली होती. मी स्टार करून ठेवली. वीकेंडला निवांत वाचू म्हटलं. त्या वीकेंडला रिलीज होती, पुढच्या वीकेंडला शिमग्याची पालखी, आणि मग १ एप्रिल गेला. मावशीचा फोन आल्यावर स्टार केलेले मेसेज उघडले, तेव्हा ती नोटीस तिथंच होती. तिच्या खाली आयआरसीटीसीचा पीएनआर.

बरं, समितीनं काय बदललं? उद्देशाच्या ओळीत आधी व्यक्ती आणि संघटना यांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्याबद्दल म्हटलं होतं. तिथं कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशाच संघटना असा शब्दप्रयोग आला. तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा. आणि जे सल्लागार मंडळ संघटनेवरची बंदी तपासणार, त्याची रचना बदलली: उच्च न्यायालयाचे न्यायाधीश अध्यक्ष, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि सरकारी वकील.

काहींना वाटेल, एवढंच? मला नाही तसं वाटत. एका फौजदाराच्या हातात तपास असणं आणि डीवायएसपीच्या हातात असणं, यातला फरक ज्यानं तालुक्याचं पोलीस स्टेशन बघितलंय त्याला विचारा. पण समितीनं ज्याला हात लावला नाही तेही बघायला हवं. व्याख्यांचा खंड. तिथं बेकायदेशीर कृत्य म्हणजे काय याची लांब यादी आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणं, कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं, अशा गोष्टी त्यात बसतात. शब्द रुंद आहेत. उद्देशाची ओळ म्हणजे फंक्शनवरची कॉमेंट, आणि व्याख्या म्हणजे खालचा कोड. कॉमेंट बदलली, कोड बराचसा तोच. कोर्ट अर्थ लावताना उद्देशही बघतं, त्यामुळे माझी उपमा शंभर टक्के बरोबर नाही, हे माझ्या वकील मैत्रिणीनं सुनावलंच. तरी कॉमेंटवर विसंबून मी तरी डिप्लॉय करणार नाही.

समितीचा अहवाल सभागृहात आला ९ जुलैला. विधेयक मंजूर झालं १० जुलैला, आवाजी मतदानानं. मधे एक रात्र. विधानसभेत ठामपणे विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी, एकट्यानं. बाकी विरोधकांनी प्रश्न विचारले, शंका काढल्या, पण समितीत त्यांचेच ज्येष्ठ नेते होते आणि समितीच्या अहवालाला कुणाचं भिन्न मत जोडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परिषदेत मात्र त्यांनी सभात्याग केला. मला हे आजही नीट उलगडलेलं नाही. रिव्ह्यूअर म्हणून बसायचं, कॉमेंट टाकायची नाही, आणि मर्ज होताना मीटिंग सोडून जायचं?

सरकारची बाजूही सांगतो. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं म्हणणं असं की छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश, ओडिशा इथं असा कायदा आहे, नक्षलवादाला मदत करणाऱ्या शहरी संघटनांवर सध्याच्या कायद्यांनी कारवाई करणं अवघड जातं, आणि आंदोलकांविरुद्ध किंवा सरकारवर टीका करणाऱ्यांविरुद्ध हा वापरला जाणार नाही. गडचिरोलीत ज्यांनी माणसं गमावलीत त्यांना हे विधेयक उशिरा आलं असंही वाटू शकतं. मी त्यांच्या जागी उभा नाही. पण "वापरला जाणार नाही" हे आश्वासन भाषणात आहे, खंडात नाही. भाषण देणारा माणूस बदलतो.

इथं जरा मागे जातो, कारण हे सगळं वाचताना मला आजीनं सांगितलेली खोताची गोष्ट आठवत होती. माझे पणजोबा कूळ होते. खोत म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारा, पण कुळाकडून घ्यायचा तो सरकारच्या कितीतरी पट, वर वेठ. त्याच्या शेतात फुकट राबायचं. १९३५ च्या कायद्यानं प्रांतांना स्वतःचं राज्य चालवायचे अधिकार मिळाले, १९३७ ला निवडणुका होऊन मुंबई प्रांताची विधानसभा बसली, आणि प्रांताचे प्रमुख झाले बाळ गंगाधर खेर. जन्म रत्नागिरीचा. त्याच सभागृहात १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. म्हणजे भांडण एका अर्थी रत्नागिरीचंच होतं, चाललं होतं मुंबई प्रांताच्या सभागृहात.

ते सरकारचं विधेयक नव्हतं, एका सदस्याचं होतं. ते मंजूर झालं नाही. पण ते नुसतं मांडून बाबासाहेब थांबले नाहीत. १० जानेवारी १९३८ ला वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. कोकणातली कुळं मुंबईत, जिथं आत त्यांच्या जमिनीवर बोलणं चालू होतं त्या इमारतीच्या बाहेर. खोती कायद्यानं गेली ती १९४९ मध्ये. बारा वर्षं. पणजोबांच्या नावावर जमीन लागली त्यानंतर.

तेव्हा हरकत नोंदवायला मुंबईपर्यंत चालत जायचं होतं. मला एक मेल टाकायचा होता.

हां, आणि मंजूर झालं म्हणजे लागू झालं असंही नाही. शक्ती विधेयक आठवतंय? महिलांवरच्या अत्याचारांबद्दलचं. तेही संयुक्त समितीत गेलं होतं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. पण फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य दोघांचा विषय, केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही करायचं तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती आली नाही. मर्ज झालं, प्रोडक्शनला गेलंच नाही.

तर मावशी. चार दिवसांनी मी तिला फोन केला आणि जे समजलं ते सांगितलं. की नुसतं बसल्याबद्दल लगेच कुणी आत टाकू शकत नाही. आधी सरकारला एखादी संघटना बेकायदेशीर म्हणून जाहीर करावी लागेल, ते सल्लागार मंडळापुढं जाईल, मग त्या संघटनेचे सभासद, पैसे देणारे, मदत करणारे यांचा प्रश्न येईल. दोन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मावशीला एकदम हायसं वाटलं. म्हणाली, "मग बरंय, आमची कुठे संघटना आहे? नाव नाही, पावतीपुस्तक नाही."

आणि मला व्याख्येचा पुढचा भाग वाचून दाखवावा लागला. संघटना म्हणजे व्यक्तींचा कोणताही गट. त्याला नाव असो वा नसो, नोंदणी असो वा नसो, लिखित घटना असो वा नसो.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आमचा व्हॉट्सॲपचा ग्रुपपण?"

त्या ग्रुपवर रोज सकाळी पंचवीस सुप्रभात येतात, सीझनला पेटीचा भाव, आणि कुणाची म्हैस सुटली तर तिचा फोटो. मी म्हटलं, मावशी, मला नाही वाटत तसं कुणी करेल. ती म्हणाली, "तुला काय वाटतं ते नाही विचारलं मी. लिहिलंय काय ते सांग."

लिहिलंय असं, की बसू शकतो.

डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं. विधेयकं आणि प्रश्नोत्तरं विधानमंडळाच्या वेबसाइटवर येतात. साइट स्लो आहे आणि पीडीएफमध्ये सर्च चालत नाही, आधीच सांगून ठेवतो. या वेळी मी स्टार करून ठेवणार नाहीये, कॅलेंडरला टाकलंय. मावशीनंही सांगून ठेवलंय, आलं की मला वाचून दाखव, चष्म्याचा नंबर वाढलाय.

पुढच्या भागात ग्रामसभेबद्दल बोलू. लाइट परत गेली, बॅटरी सहा टक्के. भेटू.